डेव्हिल मे क्रायचा 2013 चा रीबूट: समीक्षक खूश, चाहते नाराज, असं का झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिल मे क्राय ही तलवार-बंदुकीने राक्षस मारायची व्हिडिओ गेम मालिका, आणि रीबूट म्हणजे जुनी कथा पुसून केलेली नवी सुरुवात. 2019 मध्ये मालिकेचा पाचवा भाग आला तेव्हापासून या रीबूटबद्दलचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते एकदाच नीट उत्तरं देऊन इथे ठेवले आहेत. 6 व्या उत्तरात कथेतल्या काही गोष्टी उघड होतात, तेवढं सांभाळा.

1. हा नक्की कोणता गेम? मालिकेत पाच भाग आहेत ना, मग हा कितवा?

कितवाच नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीचा पहिला डेव्हिल मे क्राय 2001 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला. दिग्दर्शक होते हिदेकी कामिया. आधी हा रेसिडेंट ईव्हिल या कॅपकॉमच्याच भयकथा-मालिकेचा चौथा भाग म्हणून सुरू झाला होता, पण इतका वेगळा होत गेला की त्याची स्वतंत्र मालिकाच झाली. दुसरा भाग 2003 मध्ये, तिसरा 2005 मध्ये, चौथा 2008 मध्ये आला. त्यानंतर कॅपकॉमने कथा, पात्रं, शहर सगळं पुसून नव्याने मांडायचं ठरवलं आणि काम केंब्रिजच्या निन्जा थिअरी या ब्रिटिश स्टुडिओकडे दिलं. जानेवारी 2013 मध्ये जो आला तो हा गेम. पुढचे-मागचे भाग एका कथेत बसतात, हा त्या कथेत नाही. मूळ मालिकेचा नायक दांते अर्धा माणूस, अर्धा राक्षस. इथला दांते अर्धा देवदूत, अर्धा राक्षस. खाली 'रीबूट' म्हटलं की हाच समजा.

2. समीक्षकांनी त्याला किती गुण दिले?

रिव्ह्यूंची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर एक्सबॉक्स 360 साठी 86, प्लेस्टेशन 3 आणि पीसीसाठी 85. तिथल्या पट्टीप्रमाणे 75 ते 89 म्हणजे 'बहुतांशी अनुकूल'. तुलनेसाठी: पहिला भाग 94, दुसरा 68, तिसरा 84, चौथा प्लेस्टेशन 3 वर 84. म्हणजे नुसते आकडे पाहिले तर रीबूट पहिल्या भागाखालोखाल बसत होता. त्याच पानावर सामान्य खेळाडूंचा स्कोअर मात्र दहापैकी निम्म्याच्या आसपास घुटमळत होता. बहुतेक पत्रं या तफावतीबद्दलच येतात. ती का पडली ते 4 आणि 7 मध्ये आहे.

3. लोक गेम यायच्या आधीपासून चिडले होते म्हणतात. कशावरून?

केसांवरून. थट्टा नाही. सप्टेंबर 2010 मध्ये टोकियो गेम शोमध्ये पहिला ट्रेलर दाखवला गेला. जुना दांते पांढऱ्या केसांचा, लाल लांब कोट घातलेला, मृत्यूसमोरही टिंगल करणारा. ट्रेलरमधला पोरगा हडकुळा, काळ्या आखूड केसांचा, सिगारेट ओढणारा, चेहऱ्यावर आठ दिवस झोप नसल्याची कळा. त्यात निन्जा थिअरीचे तमीम अँटोनियाडिस मुलाखतीत बोलून गेले की जुन्या वेशातला दांते टोकियोबाहेरच्या एखाद्या बारमध्ये शिरला तर लोक त्याला हसून बाहेर काढतील. दहा वर्षं त्याच वेशाचे वॉलपेपर लावून बसलेल्या लोकांना हे सांगायची ही वेळ नव्हती.

पुढच्या वर्षीच्या ट्रेलरमध्ये चेहरा बराच सुधारला होता, पण तोवर मतं बनून गेली होती. गेममध्येही सुरुवातीलाच एक पांढरा टोप उडत येऊन दांतेच्या डोक्यावर पडतो, तो आरशात बघतो आणि 'लाख वर्षांत नाही' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. समीक्षकांना ही गंमत वाटली. चाहत्यांना वाटलं, आपल्यालाच डिवचतायत. माझ्या मते विनोद बरा होता, पण आधीच भांडण पेटलेलं असताना तो करायची काही गरज नव्हती.

4. म्हणजे सगळा राग फक्त केसांचाच होता का?

नाही, आणि असं म्हणणाऱ्यांनी चाहत्यांवर अन्याय केला. केसांचा राग लवकर विरला असता. टिकला तो लढाईबद्दलचा राग, आणि त्याला ठोस कारणं होती.

पहिलं, फ्रेम रेट, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात. चौथा भाग कन्सोलवर सेकंदाला 60 फ्रेम्सने चालायचा. रीबूट अनरिअल इंजिन 3 वर बनला आणि कन्सोलवर 30 वर आला. गोष्ट ऐकत चालायच्या गेममध्ये याने फारसं बिघडत नाही. इथे शत्रूचा हात उचलला गेल्याचं दिसणं आणि तुम्ही बटण दाबणं यातच सगळा खेळ असतो. तिथे प्रत्येक फ्रेम दुप्पट वेळ पडद्यावर राहिली की हाताला ते लगेच कळतं.

दुसरं, लॉक-ऑन काढलं. आधीच्या भागांत एक बटण दाबून धरलं की दांते एकाच शत्रूकडे तोंड करून उभा राहायचा, आणि त्या शत्रूच्या दिशेने किंवा उलट स्टिक ढकलून वेगवेगळे वार निघायचे. रीबूटमध्ये कोणाला मारायचं याचा अंदाज गेमच बांधतो. समोर एकच शत्रू असेल तर काही अडत नाही. पाच जण असले, त्यातला एक मागून बाण मारणारा असला आणि तुम्हाला नेमका तोच हवा असला, की चिडचिड सुरू होते.

तिसरं, लाल-निळे शत्रू. कंट्रोलरचा डावा ट्रिगर धरला की देवदूताची निळी शस्त्रं, उजवा धरला की राक्षसाची लाल. कल्पना छान आहे. ओसायरिस या देवदूती कोयत्याने पाचसात जणांना भोवऱ्यासारखं गुंडाळायचं, ट्रिगर बदलून त्याच दमात आर्बिटर या राक्षसी कुऱ्हाडीचा घाव घालायचा, आणि मधे कुठेही हात थांबत नाही. पण काही शत्रू फक्त निळ्या शस्त्राने मरतात, काही फक्त लाल. चुकीचं शस्त्र लागलं की वार उसळून परत येतो आणि हातातला कॉम्बो, म्हणजे सलग वारांची साखळी, तुटतो. आपल्या मनाने शस्त्रं मिसळायला शिकवणाऱ्या गेमने मधेच 'आता हेच वापर' म्हणावं, हे खटकतंच.

चौथं, स्टाईल रँक. या मालिकेत जिंकण्याइतकंच कसं जिंकलात याला महत्त्व असतं. तेच तेच वार केले की रँक वर जात नाही, मार खाल्ला की खाली येते. तिसऱ्या-चौथ्या भागात तीन एस (SSS), म्हणजे सर्वांत वरची रँक, मिळवायला महिने जायचे. रीबूटमध्ये जड शस्त्राचे मोजके घाव नीट बसले तरी ती अक्षरं पडद्यावर झळकतात आणि सहजी उतरत नाहीत. नव्या माणसाला मस्त वाटतं. जुन्याला वाटतं, आपण घासून मिळवलेली गोष्ट हे दारोदार वाटत सुटलेत.

5. मग समीक्षकांना एवढं काय आवडलं?

मुख्य म्हणजे लिंबो. खरं शहर आणि त्याच्या पोटातलं राक्षसी शहर एकाच जागी आहेत. दांते आत ओढला गेला की रस्ते उसवतात, भिंती सरकून अंगावर येतात, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत दांतेला ठार मारायचा हुकूम उमटतो. शहरच तुमच्या जिवावर उठलंय हे कळायला संवादाची गरज पडत नाही. चौथ्या भागात अर्ध्या वाटेवरून त्याच जागा उलट्या दिशेने पुन्हा फिरायला लावलं होतं. त्याच्या तुलनेत इथला प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो, आणि हे जवळपास प्रत्येक रिव्ह्यूने नोंदवलं.

आणि बॉब बार्बस. हा बातम्या वाचणारा निवेदक आहे, लोकांच्या डोक्यात भीती भरणारा राक्षस. त्याच्याशी लढाई होते ती त्याच्या बातमीपत्राच्या आत. समोर पोकळीत त्याचं अवाढव्य डिजिटल डोकं तरंगतंय, ओरडून ओरडून तुमची निंदा चालू आहे. मधेच वाहिनीचा ग्राफिक झळकतो आणि तुम्ही आकाशातून टिपलेल्या धूसर चित्रणात शत्रूंशी लढताना दिसता, जणू तुम्हीच आजची ब्रेकिंग न्यूज. बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, म्हणून तो फार अवघड नाही. पण लढाईची पद्धत, विनोद आणि टीका एकाच प्रसंगात इतकी नेमकी क्वचितच जमते. रीबूट न आवडणारे लोकही या एका प्रसंगापुरते गप्प बसतात.

नॉइझिया आणि कॉम्बीख्रिस्ट यांच्या संगीतालाही दाद मिळाली.

6. कथेबद्दल मतं इतकी टोकाची का?

कारण ती एकाच वेळी धाडसी आणि बटबटीत आहे. राक्षसांचा राजा मुंडस इथे बडा सावकार-बँकर आहे; कर्ज, पाळत आणि शीतपेय यांतून तो माणसांना गुंगीत ठेवतो. त्या शीतपेयाचा गुप्त घटक म्हणजे कारखान्याच्या तळाशी बांधून ठेवलेली एक राक्षसीण. 2008 नंतर बँकांबद्दल चीड असलेल्या काळात हे बरोबर लागू पडत होतं. काही समीक्षकांनी त्याला गेममधलं दुर्मिळ राजकीय भाष्य म्हटलं, काहींनी हातोड्याने खिळा ठोकावा तसं म्हटलं.

संवादांबद्दल मात्र फारसं दुमत नव्हतं. त्या राक्षसिणीशी लढण्याआधी दांते आणि ती एकमेकांना नुसत्या शिव्या हासडतात, एकच शिवी आळीपाळीने. वाह्यातपणाला निदान कल्पकता तरी हवी. दांते आणि व्हर्जिल या भावांमधलं शेवटचं भांडण कागदावर चांगलं आहे, कारण प्रश्न खरा आहे: माणसांना मोकळं सोडायचं की त्यांच्यावर राज्य करायचं? पण व्हर्जिलचा पलटा शेवटच्या काही मिनिटांत उरकला जातो.

7. खेळाडूंचा स्कोअर इतका कमी आहे. त्यावर विश्वास ठेवायचा की समीक्षकांवर?

तेव्हा मेटाक्रिटिकवर गुण द्यायला गेम विकत घेतल्याचा, खेळल्याचा कुठलाही पुरावा लागत नसे. पहिल्याच दिवशी शून्य देणाऱ्यांची रांग लागली. विरोध म्हणून दहा देणारेही कमी नव्हते. अशा शून्यांची आणि दहांची सरासरी काढून निम्मा येतो, आणि त्या निम्म्यावरून गेमबद्दल काहीच कळत नाही. पुढे जुलै 2020 मध्ये, एका दुसऱ्याच गेमवरच्या अशाच हल्ल्यानंतर, मेटाक्रिटिकने गेम आल्यापासून 36 तासांनी खेळाडूंचे रिव्ह्यू घेण्याचा नियम केला.

आकडा सोडून द्या, मजकूर वाचा. लांब, तक्रारींचे तपशील देणारे खेळाडूंचे रिव्ह्यू त्या काळातल्या कित्येक व्यावसायिक रिव्ह्यूंपेक्षा लढाईबद्दल जास्त सांगून जातात.

8. समीक्षक विकले गेले होते का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, शब्द थोडे सौम्य करून. नाही. साधं उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. समीक्षकाला गेम काही दिवस आधी मिळतो, तो एकदा, बहुधा मधल्या डिफिकल्टीवर (अवघडपणाच्या पातळीवर) पूर्ण करतो आणि लिहायला बसतो. रीबूट पहिल्या फेरीत खरोखर सुंदर चालतो. या मालिकेचे चाहते पहिली फेरी म्हणजे सराव समजतात. त्यांचा खेळ नंतर उघडणाऱ्या 'दांते मस्ट डाय'सारख्या पातळ्यांवर सुरू होतो, आणि दोष तिथेच दिसतात.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. 'ब्लडी पॅलेस', म्हणजे कथा बाजूला ठेवून एकामागून एक 101 मजले लढत जायचं, हा प्रकार गेमसोबत आलाच नव्हता. तो महिनाभराने, फेब्रुवारी 2013 मध्ये, फुकट अपडेट म्हणून आला. लढाईची खोली जिथे तपासली जाते ती जागाच रिव्ह्यू लिहिताना बंद होती. 86 हा आकडा प्रामाणिक आहे, फक्त तो पहिल्या दहा-बारा तासांचा आहे.

9. तिसरा भाग सगळ्यांत लाडका, मग त्याचे गुण रीबूटपेक्षा कमी कसे?

त्याच कारणाची दुसरी बाजू. 2005 मध्ये तिसऱ्या भागाच्या पाश्चिमात्य आवृत्तीत डिफिकल्टी एक पायरी वर सरकवली होती. जपानमधली 'हार्ड' तिकडे 'नॉर्मल' म्हणून गेली. मुदतीच्या दडपणाखाली खेळणाऱ्या समीक्षकांचा सुरुवातीच्याच बॉसने घाम काढला, आणि ते रिव्ह्यूंत उतरलं. 2006 च्या स्पेशल एडिशनने ती पायरी खाली आणली आणि व्हर्जिललाही खेळायला दिलं. तिसऱ्या भागाची कीर्ती नंतरच्या वर्षांत, लोकांनी घासून घासून वाढवली. 84 आणि 86 समोरासमोर ठेवून काही सिद्ध होत नाही.

10. गुण चांगले, मग कॅपकॉमच्या लेखी तो अपयशी का?

अपेक्षेपेक्षा कमी खपला म्हणून. कॅपकॉमने आधी 20 लाख प्रतींचा अंदाज बांधला होता, तो 12 लाखांवर आणला, आणि मार्च 2013 अखेर आकडा साधारण तिथेच पोहोचला. चौथ्या भागाने पहिल्या काही आठवड्यांतच 20 लाखांचा टप्पा गाठला होता. जुने चाहते दुरावले आणि ज्या नव्या लोकांसाठी हा खटाटोप केला ते तेवढ्या संख्येने आले नाहीत.

11. गेम बंद करा म्हणून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज गेला होता, हे खरं का?

खरं. जानेवारी 2013 मध्ये व्हाइट हाउसच्या नागरिक-याचिका संकेतस्थळावर कोणीतरी ओबामा प्रशासनाला हा गेम दुकानांतून काढायची विनंती केली होती. ती लवकरच हटवली गेली. सगळे चाहते असेच, हे दाखवायला हा किस्सा वापरला जातो. एका माणसाच्या उद्योगावरून तेवढं ठरत नाही.

12. डेफिनिटिव्ह एडिशनने मतं बदलली का?

बरीचशी. रीबूटची ही सुधारलेली आवृत्ती. मार्च 2015 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर ती आली तेव्हा 4 मधल्या जवळपास प्रत्येक तक्रारीचं उत्तर तिच्यात होतं. 60 फ्रेम्स. हवं असेल तर हाताने लॉक-ऑन. लाल-निळ्या शत्रूंना आता कुठल्याही शस्त्राने थोडीफार इजा होते, त्यामुळे वार उसळत नाही. स्टाईलची मोजणी नव्याने बांधली. टर्बो मोडमध्ये वेग वाढतो, हार्डकोर मोडमध्ये रँक भराभर उतरते, आणि 'मस्ट स्टाईल'मध्ये एस रँक गाठेपर्यंत शत्रूला इजाच होत नाही. हा शेवटचा मोड कोणी सुचवला असेल ते तक्रारींची पत्रं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येईल.

समीक्षकांचा स्कोअर मात्र वाढला नाही, पहिल्यापेक्षा जरा खालीच राहिला, कारण दोन वर्षांनी तोच गेम पुन्हा विकत घ्यायचा होता. तरी आज रीबूटबद्दल बरं बोलणारे जुने चाहते भेटतात ते बहुतेक या आवृत्तीमुळे.

13. व्हर्जिलचा डीएलसी घ्यावा का?

डीएलसी म्हणजे मूळ गेमनंतर वेगळा डाउनलोड करायचा जादा भाग. मार्च 2013 चा 'व्हर्जिल्स डाउनफॉल' समीक्षकांना जेमतेम वाटला: लांबी कमी, शत्रू बहुतेक तेच. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये तो आतच आहे आणि व्हर्जिलसाठी वेगळा ब्लडी पॅलेसही आहे. सुटा घेऊ नका.

14. पाचवा भाग जुन्या कथेवर परतला. ही रीबूट फसल्याची कबुली ना?

धंद्याच्या दृष्टीने हो. मार्च 2019 मध्ये आलेल्या पाचव्या भागाने दोन आठवड्यांत 20 लाख प्रती पार केल्या आणि गुण 87 ते 89 च्या घरात मिळवले. पण हिदेआकी इत्सुनो यांचं नाव विसरू नका. तिसरा, चौथा आणि पाचवा भाग त्यांच्या दिग्दर्शनाखाली झाला, आणि रीबूटवर कॅपकॉमच्या बाजूने देखरेख करणारेही तेच होते. 'परक्यांनी बिघडवलं, आपल्यांनी सावरलं' ही गोष्ट त्यामुळे जुळत नाही. पाचव्या भागातले खरे वाटणारे चेहरे, आजच्या शहरात घडणारी लढाई, चौथ्या भागापासूनचा दुसरा नायक, आता आखूड केसांचा नीरो पाहा. रीबूटचा हात तिथे दिसतो, नाव कोणी घेत नाही एवढंच.

रीबूटचा दुसरा भाग येईल का, असंही विचारतात. निन्जा थिअरी 2018 पासून मायक्रोसॉफ्टची आहे. आशा धरू नका.

15. इतर मालिकांचे रीबूट समीक्षकांना आणि चाहत्यांना एकदमच आवडले, ते कसं?

गॉड ऑफ वॉर (2018) हे नेहमीचं उदाहरण: 94 गुण आणि द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान. पण तिथे मालिकेचा नायक क्रेटोस तोच ठेवला होता. देवांचा प्रदेश ग्रीकवरून नॉर्स झाला, कॅमेरा खांद्यामागे आला, लढाईची सगळी घडण बदलली, तरी त्याचा भूतकाळ त्याच्या मानगुटीवर बसलेलाच होता. एकसारख्या ट्रोल-बॉसची कुरकुर झाली, पण 'हा आमचा क्रेटोस नाही' असं फारसं कोणी म्हटलं नाही. कडक अर्थाने त्याला रीबूट म्हणावं का, हाच वाद आहे.

जवळचं उदाहरण प्रिन्स ऑफ पर्शिया (2008). नवा राजपुत्र, नवी कथा, देखणी चित्रशैली, गुण 80 ते 85 च्या दरम्यान. चाहते अडले एका गोष्टीवर: पडलात की सोबतीण एलिका हात धरून वर ओढते, मरण नाहीच. 2010 मध्ये ती मालिका बनवणारी युबिसॉफ्ट कंपनी गुपचूप जुन्या कथेवर परतली. कॅसलव्हेनिया: लॉर्ड्स ऑफ शॅडो (2010) सुद्धा 85 च्या आसपास, 'हे गॉड ऑफ वॉरसारखं वाटतं' या शेऱ्यासकट, त्याला पुढचा भाग मिळाला, पण 2014 मधल्या त्या भागाचे गुण साठच्या आसपास आले.

16. आज खेळायचा तर कुठली आवृत्ती? मी पीसीवर खेळतो.

डेफिनिटिव्ह एडिशन पीसीवर आलेलीच नाही. पीसीवर 2013 चीच आवृत्ती मिळते. पण फ्रेम रेटची कन्सोलवाली अडचण तिथे पहिल्यापासून नव्हती, 60 किंवा त्याहून जास्तही सहज मिळतात. लॉक-ऑन आणि लाल-निळ्याची तक्रार मात्र तशीच राहते. कन्सोल असेल तर 2015 ची घ्या, लॉक-ऑन चालू करा, आणि मालिकेतला तिसरा किंवा पाचवा भाग खेळला असेल तर थेट 'नेफिलिम' या सुरुवातीला मिळणाऱ्या सर्वांत अवघड पातळीपासून सुरुवात करा. त्याखालच्या पातळ्यांवर शत्रू अंगावर यायलाच वेळ लावतात.